अर्ज, दुसऱ्यांदा

झोम्ब्यात रात्री आठला वीज जाते.
तोवर जे लिहून होईल ते माझं,
पुढचं लॅपटॉपच्या बॅटरीचं,
आणि तिचा काही नेम नाही.

गेल्या वर्षीचा नकार तीन ओळींचा होता.
तिसरी ओळ: नमुना फार लहान आहे.
खरं आहे.
मेडिकल वॉर्डात सत्तर खाटांना
रात्रपाळीची नर्स एक,
तोही नमुना लहानच.
हे मी उत्तरात लिहिलं नाही.
सूचनेबद्दल आभारी आहे, असं लिहिलं.

यंदाचा विषय: नोंदवहीतून नाव कमी होणं.
किती जणींचं चुकीमुळे,
किती जणींचं नुसती नूतनीकरणाची फी थकली म्हणून,
आणि या दोन रकान्यांमधली रेघ
कोण मारतं, कुठली पट्टी धरून.
लुसुंगूने पट्टी खोडली.
"निधी देणाऱ्यांपुढे असं बोलायचं नसतं.
निर्णयप्रक्रियेतील सुसंगती, असं लिही."
लिहिलं.
मर्यादेत बसलं.

पूर्वचाचणीची मुलाखत घ्यायला चिपोक्याला गेले होते,
पदरमोड करून, मिनीबसने,
मांडीवर कुणाची तरी कोंबडी.
एस्नात गोंडवे. सेवा पंधरा वर्षं.
एक रात्र, सारख्याच लेबलांच्या दोन बाटल्या,
शिस्तपालन समितीची चाळीस मिनिटं.
आता ती सरोवराकाठी उसिपा वाळवते,
बोटाएवढी मासळी, बांबूच्या माचीवर पसरलेली.
पाखरं हाकलता हाकलता तिचा हात मध्येच थांबतो,
सलाइनचे थेंब मोजताना थांबायचा तसा.

"मूल वाचलं," ती म्हणाली.
"निकालपत्रात ते नाही."
मग म्हणाली, "तुझ्या तक्त्यात मी कुठे?"
रकाना तीन. औषधाची चूक.
"आणि त्या रात्री दुसरी नर्स आलीच नाही, तो रकाना?"
ती माहिती समितीच्या फायलीत नसते, मी म्हटलं.
"म्हणजे तू फायलींचा अभ्यास करणार."
यावर माझ्याकडे संदर्भसूची होती, उत्तर नव्हतं.
निघताना तिने कागदात मासळी बांधून दिली
आणि पैसे मोजून घेतले.
फुकट देणारी माणसं गोष्टींत असतात.

अंदाजपत्रक.
कागद, भाडं, चाळीस जणींशी बोलण्यापुरता फोनचा बॅलन्स.
सहभागींची बुडालेली मजुरी:
मासळीच्या एका दिवसाचे किती क्वाचा, ते तिलाच विचारलं होतं.
डॉलरमध्ये तो आकडा दोन आणि वर काहीतरी येतो.
फॉर्म दशांश घेत नाही.
मी तीन लिहिलं.
आख्ख्या अर्जात लबाडी एवढीच.

जोखीम, या मथळ्याखाली:
अपेक्षित माहिती न मिळण्याची शक्यता.
मिळाली तर काय, हे कुणी विचारलेलं नाही.
ज्यांच्या निर्णयांवर मी बोट ठेवणार
त्यांच्याच वहीत माझंही नाव आहे,
डिसेंबरअखेर वैध.

मुदत रात्री बाराची, पण त्यांच्या बाराची.
निधीचं कार्यालय ओटावात.
तिथे बारा वाजतील तेव्हा इथे उजाडलेलं असेल,
आमचे तर तोवर केव्हाच वाजलेले.

बॅटरी नऊ टक्के.
सुसंगती काढून टाकली, पट्टी परत घातली.
सहा शब्द जास्त होतात.
'नम्रपणे' दोनदा आलं होतं, दोन्ही गेले.
'भरीव योगदान' गेलं.
उरले दोन. माझ्या नावामागची पदवी
दोन शब्दांची आहे.

पाठवा, दाबलं.
पडद्यावर ते गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं,
मग पडदाच मिटला.
पोचलं का, ते उद्या कळेल.
ओट्यावर चाचपडत पुडी सोडली,
उसिपाची डोकी खुडायला बसले.
अंधारात मोजता येत नाहीत,
बोटांना कळतं.